घरातील लागवडीसाठी एल.ई.डी. प्रकाशदीप : तत्त्व, जोडणी आणि मर्यादा

सारांश :
शहरी सदनिकांमध्ये सूर्यप्रकाशाअभावी कुंड्यांतील रोपे खुरटतात. त्यावर उपाय म्हणून एल.ई.डी. दिव्यांचा वापर वाढत आहे. प्रस्तुत लेखात अशा दिव्यांमागील वनस्पतिशास्त्रीय व भौतिक तत्त्वे, घरच्या घरी दीप तयार करण्याची रीत, आवश्यक गणित, सुरक्षितता आणि आर्थिक मर्यादा यांचा ऊहापोह केला आहे.

बीजशब्द : प्रकाशसंश्लेषण, तरंगलांबी, एल.ई.डी., स्थिर धारा, गृहलागवड.

प्रस्तावना :
मुंबई-पुण्यासारख्या शहरांत इमारतींची दाटी वाढली आणि अंगण तर सोडाच, पण उन्हाची खिडकीही दुर्मिळ झाली. हौसेने पेरलेली मेथी चार दिवसांत उगवते. मात्र नंतर तिचे देठ लांब व फिकट होऊन ती आडवी पडते. पाणी किंवा खत कमी पडले असावे, असा समज करून घेतला जातो. वास्तविक तिची उपासमार प्रकाशाची असते. बैठकीच्या खोलीत रात्री साधारणतः 150 ते 200 लक्स प्रकाश असतो. डोळ्यांना तो पुरेसा वाटला तरी वनस्पतीच्या दृष्टीने तो जवळजवळ अंधारच होय. हे विधान कोणत्या आधारावर केले, ते प्रथम पाहू.

वनस्पती आणि प्रकाश :
प्रकाशसंश्लेषणासाठी वनस्पती मुख्यत्वे 400 ते 700 नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश वापरतात. हरितद्रव्य निळा व तांबडा प्रकाश अधिक शोषते. एंगेलमान या जर्मन शास्त्रज्ञाने 1882 च्या सुमारास शैवाल व प्राणवायूकडे आकर्षित होणारे जिवाणू यांच्या साहाय्याने हे मोठ्या कल्पकतेने दाखवून दिले. शैवालावर वर्णपट पाडला असता जिवाणू प्रामुख्याने तांबड्या व निळ्या पट्ट्यांत गोळा झाले. यावरून हिरवा प्रकाश निरुपयोगी असतो, असा निष्कर्ष अनेकदा काढला जातो. परंतु तो बरोबर नाही. मॅक्री यांनी 1972 मध्ये प्रसिद्ध केलेल्या, 22 पीक-वनस्पतींवरील मापनांतून हिरवा प्रकाशही बऱ्याच प्रमाणात उपयोगी पडतो, हे स्पष्ट झाले. म्हणूनच केवळ जांभळा दिसणारा दीपच हवा, हा आग्रह अनाठायी आहे. जांभळ्या प्रकाशात पानांचा पिवळेपणा व डागही नीट दिसत नाहीत.

वनस्पतीसाठी प्रकाशाचे मोजमाप लक्समध्ये न करता प्रतिसेकंद प्रतिचौरस मीटर पडणाऱ्या फोटॉनांच्या संख्येत, म्हणजेच मायक्रोमोलमध्ये करतात. कारण लक्स हे एकक मानवी डोळ्याच्या संवेदनक्षमतेवर आधारलेले आहे. भर दुपारच्या स्वच्छ उन्हात ही तीव्रता सुमारे 2000 मायक्रोमोल असते. पांढऱ्या एल.ई.डी.च्या बाबतीत सुमारे 70 लक्स म्हणजे 1 मायक्रोमोल, असे ढोबळमानाने धरता येते. त्यानुसार 200 लक्सच्या खोलीत जेमतेम 3 मायक्रोमोल मिळतात. उन्हात वाढणाऱ्या वनस्पतीला केवळ श्वसनातील व्यय भरून काढण्यासाठीच सुमारे 10 ते 20 मायक्रोमोल लागतात. मेथी आडवी का पडते, याचे उत्तर या आकड्यांत आहे.

एल.ई.डी.ची पार्श्वभूमी :
दृश्य तांबडा प्रकाश देणारा एल.ई.डी. निक होलोन्याक यांनी 1962 मध्ये तयार केला. कार्यक्षम निळ्या एल.ई.डी.साठी मात्र 1990 च्या दशकापर्यंत वाट पाहावी लागली. या कार्याबद्दल आकासाकी, आमानो व नाकामुरा यांना 2014 चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. निळ्या एल.ई.डी.वर फॉस्फरचा थर दिल्यामुळे पांढरा प्रकाश मिळू लागला. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात अशाच दिव्यांखाली वाढविलेले लेट्यूस अंतराळवीरांनी ऑगस्ट 2015 मध्ये खाल्ले.

दीपाचे गणित :
60 सें.मी. लांब व 30 सें.मी. रुंद अशा एका फळीवर मेथी पेरावयाची आहे, असे समजू. फळीचे क्षेत्रफळ 0.18 चौरस मीटर होते. पालेभाजीसाठी 150 मायक्रोमोल तीव्रता धरल्यास पृष्ठभागावर प्रतिसेकंद 27 मायक्रोमोल पडावयास हवेत. दिव्याचा सुमारे 65 टक्के प्रकाशच रोपांवर पडतो असे मानल्यास दिव्यातून सुमारे 42 मायक्रोमोल बाहेर पडले पाहिजेत. प्रतिवॅट 100 ल्यूमेन देणारा पांढरा एल.ई.डी. प्रतिवॅट सुमारे 1.4 मायक्रोमोल देतो. अर्थात, एकूण 30 वॅट पुरेसे ठरतात. दिवा रोज 14 तास लावल्यास रोपांना दिवसाकाठी प्रतिचौरस मीटर सुमारे 7.6 मोल प्रकाश मिळतो. कोवळ्या पालेभाजीला तो चालतो; टोमॅटो, मिरची यांसारख्या फळभाज्यांना तो अपुरा पडतो.

जोडणीच्या दोन रीती :
पहिली रीत सोपी आहे. प्रत्येकी 10 वॅटच्या, दोन फूट लांबीच्या तीन तयार एल.ई.डी. ट्यूब फळीच्या वर 15 ते 20 सें.मी. उंचीवर समांतर बसवाव्यात. फळीच्या बाजूंना पांढरा पुठ्ठा लावल्यास बाहेर जाणारा प्रकाश पुन्हा रोपांकडे वळतो. ड्रायव्हर ट्यूबमध्येच असल्याने वेगळी जुळवाजुळव करावी लागत नाही. नवशिक्याने हीच रीत अवलंबावी.

दुसऱ्या रीतीत 1 वॅटचे सुटे एल.ई.डी. वापरतात. त्यांतून 350 मिलिअँपिअर धारा वाहते. पांढऱ्या एल.ई.डी.वर सुमारे 3.2 व्होल्ट विभवांतर पडते. असे 8 एल.ई.डी. एकसर जोडल्यास 25.6 व्होल्ट व जवळपास 9 वॅट होतात. त्यासाठी 350 मिलिअँपिअर स्थिर धारा देणारा आणि ज्याच्या विभवांतराच्या मर्यादेत 25.6 व्होल्ट बसतात असा ड्रायव्हर निवडावा. स्थिर विभवांतराचा साधा ॲडाप्टर थेट जोडू नये. एल.ई.डी. तापला की तीच धारा वाहण्यास त्याला कमी विभवांतर पुरते. परिणामी विभवांतर स्थिर ठेवल्यास धारा वाढते, तो अधिक तापतो, धारा आणखी वाढते व अखेरीस तो जळतो. एल.ई.डी.ला दिलेल्या ऊर्जेपैकी निम्म्याहून अधिक ऊर्जा उष्णतेत जाते. म्हणून प्रत्येक एल.ई.डी. उष्णतावाहक पेस्ट लावून ॲल्युमिनियमच्या हीट सिंकवर घट्ट बसवावा.

सुरक्षितता :
पाणी आणि 230 व्होल्टची वीज येथे शेजारी-शेजारी असतात. त्यामुळे हा मुद्दा दुय्यम मानणे धोक्याचे ठरते. स्वस्त ड्रायव्हरमध्ये घरातील वीजपुरवठा व एल.ई.डी. यांच्यात पुष्कळदा विलगीकरण नसते. अशा वेळी एल.ई.डी.ची उघडी तारही जीवघेणा धक्का देऊ शकते. म्हणून विलगीकरण असलेला ड्रायव्हर घ्यावा, धातूच्या चौकटीला अर्थिंग द्यावे, सर्व सांधे बंदिस्त करावेत व ड्रायव्हर कुंडीपेक्षा उंच ठेवावा. घरातील मंडलावर 30 मिलिअँपिअरचा गळती-संरक्षक स्विच असणे इष्ट होय. पाणी घालण्यापूर्वी प्लग काढावा. प्रज्वलित एल.ई.डी.कडे टक लावून पाहू नये.

व्यावहारिक दक्षता :
दिव्याची तीव्रता भ्रमणध्वनीतील प्रकाशमापकानेही ढोबळपणे तपासता येते. रोपांच्या उंचीवर सुमारे 10,500 लक्स मिळावेत. रोपे वाढतील तसा दिवा वर सरकवावा. 24 तास प्रकाश देऊ नये. पालक ही दीर्घदिनी वनस्पती असल्याने प्रकाशकाल लांबल्यास ती लवकर फुलोऱ्यावर येते. बंद खोलीतील दमटपणामुळे कोवळी रोपे बुरशीने कोलमडतात. त्यासाठी लहान पंखा ठेवावा आणि पाणी बेताने द्यावे.

खर्चाचा विचार :
30 वॅटचा दीप रोज 14 तास चालविल्यास 0.42 युनिट वीज लागते. मेथीच्या 25 दिवसांच्या पिकास 10.5 युनिट होतात. प्रतियुनिट 8 रुपये दर धरला तर केवळ विजेचाच खर्च 84 रुपये येतो. एवढ्याशा फळीवर मेथीच्या मोजक्याच जुड्या निघतात. मंडईतील जुडीशी तुलना केल्यास हा व्यवहार फायद्याचा नाही, हे मान्य केले पाहिजे. दोन-चार दिव्यांवर महिन्याचा भाजीपाला पिकविण्याचे स्वप्न दाखविणाऱ्या जाहिरातींपासून सावध राहणे म्हणूनच आवश्यक आहे.

समारोप :
असे असले तरी या दीपाची उपयुक्तता नाकारता येत नाही. पावसाळ्यातील ढगाळ दिवसांत रोपे तयार करणे, कमी प्रकाशात तग धरणाऱ्या शोभेच्या झाडांना पूरक प्रकाश देणे, ऊतिसंवर्धन आणि महाविद्यालयीन प्रयोग यांसाठी तो निश्चितच उपकारक आहे. वनस्पतिशास्त्र व भौतिकशास्त्र या दोन विषयांची सांगड घालणारा इतका स्वस्त प्रयोग क्वचितच आढळेल. ज्या घरात खिडकीशी ऊन येते, तेथे मात्र कुंडी खिडकीशी सरकविणे हाच सर्वांत शहाणपणाचा उपाय होय. जेथे ऊन पोहोचत नाही, तेथेच या दीपाचे खरे स्थान आहे.