कॉफी उत्पादक छोट्या शेतकऱ्यांच्या अडचणी

तामिळनाडूतील कुंभकोणमची ‘डिग्री कॉफी’ सर्वदूर प्रसिद्ध आहे. पण हा सारा परिसर कावेरीकाठचा, भातशेतीचा. कॉफी पिकते ती दूरच्या येरकाड, निलगिरी आणि पळनीच्या डोंगरांत. भारतातील बहुसंख्य कॉफी उत्पादकांकडे दहा हेक्टरांहून कमी जमीन आहे.

मार्च-एप्रिलच्या सरी चुकल्या, तर फुलोरा बिघडतो. अरेबिकाच्या झाडात खोडकिडा शिरला, तर झाड उपटून जाळावे लागते आणि नवे रोप फळायला तीन-चार वर्षे जातात. फळे एकाच वेळी पिकत नाहीत. त्यामुळे तोडणी हातानेच, अनेक फेऱ्यांत करावी लागते आणि मजुरीचा खर्च वाढतो. गर काढण्याचे यंत्र आणि पुरेसे पाणी नसेल, तर फळे सालासकट वाळवून कमी भावाने विकावी लागतात. त्यातही दराची दिशा ठरते न्यूयॉर्क आणि लंडनच्या बाजारांत.

पळनीच्या डोंगरांतील तांडिकुडी येथे कॉफी बोर्डाचे संशोधन केंद्र आहे. मात्र संशोधनाइतकीच गरज आहे ती सामायिक यंत्रांची, वाळवणीच्या खळ्यांची आणि एकत्रित विक्रीची. त्याशिवाय कपाच्या किमतीतला न्याय्य वाटा छोट्या शेतकऱ्यांपर्यंत पोहोचणार नाही.