रोजच्या गल्ल्यावर चाललेलं दुकान

कपड्यांच्या धंद्यात पैसा कसा फिरतो, हे समजून घ्यायला लंडनच्या किंग्ज रोडवरचं ‘बझार’ हे दुकान उत्तम. फॅशन डिझायनर मेरी क्वांटनं ते 1955 मध्ये होणारा नवरा अलेक्झांडर प्लंकेट ग्रीन आणि मित्र आर्ची मॅकनेअर यांच्यासोबत काढलं. तेव्हा ती पंचवीस वर्षांची होती.

आधी ती इतरांकडचा तयार माल आणून विकत असे. पण आपल्या वयाच्या मुलींना घालावेसे वाटतील असे कपडे मिळेनात, तेव्हा तिनं स्वतःच शिवायला घेतलं. बाजारात मिळणारे कागदी नमुने आणायचे आणि त्यांत फेरफार करायचे. कापड हॅरॉड्स या बड्या दुकानातून, किरकोळ भावानं. ठोक बाजाराची तिला माहितीच नव्हती. राहत्या खोलीत शिवलेला माल दुकानात लागायचा, आणि दिवसभराच्या गल्ल्यातून पुढचं कापड यायचं.

आता हिशेब बघू. समजा, 10 पौंडांचं कापड, 3 पौंड शिलाई आणि विक्री 16 पौंडांची. उरले 3, त्यातून भाडं आणि पगार. ठोक भावात तेच कापड 6 पौंडांना आलं असतं, तर उरले असते 7. म्हणजे नफा अर्ध्याहून कमी. पण दुसरी बाजू पाहा. जो दुकानदार हंगामाचा माल आधीच भरतो, त्याचे पैसे काही महिने मांडणीवर अडकून पडतात आणि जे खपत नाही ते पडत्या भावानं काढावं लागतं. इथे तेच 10 पौंड दोन-चार दिवसांत परत येऊन पुन्हा कामाला लागत. शिवाय काल काय खपलं हे आजचं कापड बेतण्याआधी कळे. मला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. स्कर्ट आखूड करण्याचं श्रेय ती किंग्ज रोडवरच्या मुलींना देत असे, कारण ‘अजून आखूड’ ही मागणी त्यांचीच होती. ती ऐकायला आणि लगेच तसं शिवायला क्वांट तिथे होती. महत्त्वाकांक्षा आणि गल्ल्यावर बसणं या दोन गोष्टी तिच्याकडे वेगळ्या नव्हत्या.

1957 मध्ये लंडनच्याच नाइट्सब्रिज भागात दुसरं दुकान निघालं. 1962 मध्ये जे. सी. पेनी या अमेरिकी साखळीशी करार झाला आणि 1963 मध्ये कमी किमतीच्या कपड्यांसाठी ‘जिंजर ग्रुप’ सुरू झाला.

इथून धंद्याचं गणित बदलतं. कारखान्यात हजारोंनी कपडे काढायचे तर कापड, मापं, रंग सगळं महिनोन् महिने आधी ठरवावं लागतं. काल काय खपलं, याचा मग फारसा उपयोग उरत नाही. 1963 मध्येच तिनं चकचकीत पीव्हीसीचे कपडे दाखवले. मागणी जोरात आली, पण साध्या शिलाईत सुईची भोकं पडून ते प्लास्टिक तिथेच फाटे. शिवणी नीट सांधण्याची पद्धत बसवायला जवळपास दोन वर्षं गेली. डोक्यातली कल्पना आणि दुकानातला कपडा यांच्यामध्ये कारखाना असतो, हे त्या दोन वर्षांत तिला पुरेपूर कळलं असणार.

तिसरी वाट होती परवान्याची. आखूड स्कर्टखाली जुने लांब मोजे चालेनात. त्यांची वरची कड दिसे. म्हणून रंगीत टाइट्स आल्या. 1966 मध्ये डेझीच्या फुलाचं चिन्ह घेऊन सौंदर्यप्रसाधनं आली. परवान्याच्या धंद्यात माल दुसरा बनवतो, साठाही त्याचाच, आणि नाव व रचना देणाऱ्याला विक्रीतला ठरलेला वाटा मिळतो. आपलं भांडवल अडकत नाही, म्हणून नाव झपाट्यानं पसरतं. पण गिऱ्हाइकाशी बोलणारा आता दुसराच असतो आणि त्या नावाची स्वतंत्र किंमत होते, जी चुकवून कुणी ते विकतही घेऊ शकतो. क्वांटच्या प्रसाधनांना जपानमध्ये मोठी बाजारपेठ मिळाली. पुढे तिच्या कंपनीचा ताबा जपानी मालकांकडे गेला आणि 2000 मध्ये क्वांट संचालकपदावरून बाजूला झाली.