अंमळनेरच्या छात्रालयातील साने गुरुजी

मराठी घराघरांत 'श्यामची आई' आजही आवर्जून वाचली जाते. परंतु नाशिकच्या कारागृहात १९३३ साली ती लिहिणारे पांडुरंग सदाशिव साने हे त्यापूर्वी अंमळनेरच्या प्रताप हायस्कुलात १९२४ ते १९३० अशी सहा वर्षे शिक्षक होते, आणि त्या काळातच त्यांच्यातील गुरुजी खऱ्या अर्थाने घडले, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

शाळेच्या छात्रालयाची व्यवस्था त्यांच्याकडे आली तेव्हा केवळ हजेरी आणि हिशेब यांत समाधान मानणारे ते नव्हते. मुलांच्या खोल्या ते स्वतः झाडीत, अस्ताव्यस्त पडलेले कपडे धुऊन घड्या घालून ठेवीत, आजारी मुलाची शुश्रूषा करीत. आणि ज्याला लाज वाटे, तो मुलगा दुसऱ्या दिवशी आपण होऊन केरसुणी हाती घेई. शिक्षा हा शब्द त्यांच्या दप्तरात जणू नव्हताच!

याहून विलक्षण म्हणजे 'छात्रालय' हे त्यांचे हस्तलिखित दैनिक. स्वहस्ते मजकूर लिहून ते मुलांपुढे ठेवीत. १९२८ साली त्यांनी 'विद्यार्थी' हे मासिकही काढले. १९३० साली मिठाच्या सत्याग्रहाची हाक येताच नोकरीचा राजीनामा देऊन ते चळवळीत उतरले.

ज्यांनी केवळ 'श्यामची आई' वाचली असेल, त्यांनी गुरुजींची 'धडपडणारी मुले' ही कादंबरी अवश्य वाचावी. छात्रालय, तेथील मुले आणि त्यांच्यावर जीव लावणारा शिक्षक हाच तिचा विषय आहे.