नळी कधी काढायची?

पावसाळ्यात भिंड-मोरेनाकडच्या खेड्यांतून सर्पदंशाचे रुग्ण ग्वाल्हेरला येतात, त्यांत मण्यार चावलेला रुग्ण पटकन कळून येत नाही. माणूस रात्री जमिनीवर झोपलेला असतो. चावा फारसा दुखत नाही, सूजही नसते. पहाटे पोटात कळ येते आणि घरच्यांना वाटतं, रात्रीचं जेवण बाधलं. मग पापण्या मिटू लागतात, जीभ जड होते, थुंकी गिळवत नाही, आणि शेवटी श्वास अडतो. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या जयारोग्यसारख्या मोठ्या रुग्णालयात (1946 साली सुरू झालेलं गजरा राजा मेडिकल कॉलेज याच रुग्णालयाला जोडलेलं आहे) वेळेत पोचला आणि व्हेंटिलेटर मिळाला, तर असा रुग्ण बहुधा वाचतो. मात्र मण्यारीचं विष मज्जातंतूंच्या टोकांनाच इजा करतं. एकदा झालेली ही इजा प्रतिविषाने भरून येत नाही. टोकं पुन्हा कामाला लागेपर्यंत काही दिवस, कधी त्याहून जास्त, यंत्रानेच श्वास द्यावा लागतो.

पंचाईत पुढे होते. रुग्ण डोळे उघडतो, सांगितलं की बोटं दाबतो. आयसीयूबाहेर बाकावर बसलेली आत्या विचारते, "डॉक्टरसाहेब, श्वास स्वतःचा घेतोय ना हो?" छाती तर वरखाली होताना दिसतेच. पण यंत्राने हवा ढकलली तरी छाती फुगते आणि रुग्णाने ओढली तरी फुगते. नुसतं बघून वाटणी करता येत नाही. यंत्राची श्वासनळीत घातलेली नळी लवकर काढली तर काही तासांत पुन्हा घालावी लागते. उगीच ठेवली तर न्यूमोनियाचा धोका दिवसागणिक वाढतो, शिवाय श्वासाचा स्नायू बसल्या बसल्या झिजतो. ही झीज किती लवकर होते, ते 2008 साली अमेरिकेतल्या एका अभ्यासात दिसलं. मेंदूमृत अवयवदात्यांच्या श्वासपटलाचे तुकडे तपासले, तेव्हा व्हेंटिलेटरवरच्या 18 ते 69 तासांत स्नायूतंतू निम्म्याहून बारीक झालेले आढळले.

श्वासपटल म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला घुमटाकार स्नायू. शांत श्वासाचं बहुतेक काम तोच करतो. मानेच्या तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या मणक्यांच्या पातळीवरून निघणारी फ्रेनिक नस त्याला हुकूम देते. स्नायू आवळला की घुमट खाली सरकतो, फुप्फुसात हवा येते, आणि सैल पडला की हवा आपोआप बाहेर जाते. ख्यालगायकीच्या ग्वाल्हेरात दमसासाचं कौतुक पिढ्यान्‌पिढ्या झालं. लांब तान घेणारा गवईसुद्धा याच स्नायूला एकदम न सोडता हळूहळू सोडत असतो.

हा स्नायू खाटेवरच सोनोग्राफीने पाहता येतो, आणि तो दोन ठिकाणांहून पाहतात. रुग्णाला थोडं उठतं झोपवून उजव्या बरगड्यांच्या कडेखाली पोटाचा वक्र प्रोब टेकवायचा आणि त्याचं तोंड वर, पाठीकडे करायचं. यकृत मधे असल्याने ध्वनिलहरींना चांगली वाट मिळते. डावीकडे प्लीहा लहान आणि जठरातली हवा आडवी येते, म्हणून ती बाजू नेहमीच कटकटीची. पडद्यावर श्वासपटल एका चमकदार कमानीसारखं दिसतं. एम-मोड लावला की त्या कमानीची हालचाल लाटेसारखी उमटते आणि लाटेची उंची सेंटिमीटरमध्ये मोजता येते. निरोगी माणसात शांत श्वासाला ती दीड-दोन सेंटिमीटरच्या आसपास भरते, खोल श्वासाला पाच-सातपर्यंत जाते. शांत श्वासात एक सेंटिमीटरही भरत नसेल तर शंका घ्यावी. नाकाने झटकन हुंगायला सांगितल्यावर कमान खाली न येता वर गेली, तर त्या बाजूचं श्वासपटल लुळं आहे असं समजतात.

पण हालचाल फसवते. यंत्राच्या दाबानेही घुमट खाली ढकलला जातो, म्हणून हे माप यंत्राचा आधार काढल्यावरच घ्यायचं. उलट पोटात पाणी साठलं असेल तर धडधाकट स्नायूही कमी सरकतो.

त्यामुळे दुसरी जागा मला जास्त भरवशाची वाटते. काखेतून सरळ खाली येत आठव्या ते दहाव्या बरगडीच्या दरम्यानच्या फटीत थांबायचं. इथे श्वासपटल बरगड्यांना आतून चिकटलेलं असतं. प्रोब सपाट, दहा मेगाहर्ट्झच्या पुढचा, म्हणजे नसा-शिरा बघायला वापरतात तोच. कातडीखाली दोन-तीन सेंटिमीटरवर दोन पांढऱ्या रेघा दिसतात, वरची फुप्फुसाच्या आवरणाची, खालची पोटाच्या आवरणाची. त्यांच्यामधला काळसर पट्टा म्हणजे स्नायू. श्वास सोडल्यावर तो साधारण दीड ते तीन मिलिमीटर जाड असतो. श्वास घेताना आवळला की जाड होतो. नुसत्या दाबाने ढकललेला स्नायू असा आवळत नाही, म्हणून रुग्ण किती काम करतोय त्याचा अंदाज इथे लागतो.

हिशेब सोपा आहे. श्वास सोडल्यावर 2.0 मिलिमीटर आणि घेतल्यावर 2.6, म्हणजे वाढ 0.6, मूळ जाडीच्या 30 टक्के. यंत्राचा आधार कमी करून घेतलेल्या स्वतःच्या श्वासाच्या चाचणीत तिशीच्या आसपास किंवा वर आकडा आला, तर नळी काढणं निभावण्याची शक्यता बरी असते, असं बऱ्याच अभ्यासांत दिसतं. खोल श्वासातही वाढ 20 टक्क्यांच्या आत राहिली तर स्नायू लुळा असल्याचा संशय पक्का होतो. आता पहिल्या मापात कर्सर पांढऱ्या रेघेवर जरासा चढला आणि 2.0 ऐवजी 2.2 लागलं, असं धरा. वाढ लगेच 18 टक्क्यांवर येते. रुग्ण तोच, स्नायू तोच, आणि पास झालेला पोरगा नापास. रेघांच्या आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंतच मोजायचं, निदान तीन श्वासांची सरासरी घ्यायची, आणि प्रोबच्या जागी कातडीवर पेनाने खूण करून ठेवायची, ती एवढ्याचसाठी. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या डॉक्टरने दोन बोटं वर प्रोब ठेवला तर कालच्या आकड्याशी तुलना फुकट. एकदाच घेतलेल्या मापापेक्षा रोज त्याच खुणेवर घेतलेल्या मापांचा कल जास्त बोलतो.

यंत्राचा आधार भरपूर असेल किंवा झोपेचं औषध चालू असेल, तर निरोगी स्नायूही स्वस्थ पडून राहतो. तेव्हा आधी आधार कमी करायचा, मग मोजायचं. श्वासपटल थकलं की छातीच्या हाडालगतचे बरगड्यांमधले स्नायू मदतीला धावतात. बरगड्यांमधल्या वरून दुसऱ्या फटीत तोच सपाट प्रोब ठेवून त्यांचीही जाडी बघता येते. शांत श्वासात ते जवळपास जाड होत नाहीत. ठळकपणे होत असतील तर श्वासपटलाला भार झेपत नाही, असं समजावं.

एवढं उपयोगी सोनोग्राफी यंत्र वॉर्डात का फिरत नाही, याचं एक कारण 1994 चा गर्भलिंगनिदानविरोधी कायदा. प्रत्येक सोनोग्राफी यंत्राची नोंदणी लागते, ते चालवणाऱ्यांची नावं नोंदीत असावी लागतात, आणि हातात उचलून नेण्याजोगं यंत्र नोंदलेल्या रुग्णालयात दाखल रुग्णांपुरतंच वापरता येतं. आयसीयूतल्या डॉक्टरांना याचा वैताग येतो. तरी ग्वाल्हेर, भिंड आणि मोरेना या तिन्ही जिल्ह्यांत 2011 च्या जनगणनेत सहा वर्षांखालच्या मुली दर हजार मुलग्यांमागे 850 हूनही कमी होत्या. इथे तरी हा जाच सोसायलाच हवा.

आणि मण्यारीच्या रुग्णाबाबत नुसत्या श्वासपटलावर भिस्त ठेवून चालत नाही. आकडा छान आला, पण घशाचे स्नायू अजून सावरले नसले, तर नळी काढल्यावर थुंकी श्वासनळीत उतरते. म्हणून सक्शनच्या वेळी खोकला जोरकस येतो का, हे सिस्टरला विचारावं, आणि डोकं उशीवरून उचलून पाच सेकंद धर, असं रुग्णालाच सांगावं.