ट्रकचं नाक चोंदतं तेव्हा...

बालमित्रांनो, सर्दी झाली की आपलं नाक चोंदतं आणि जीव अगदी नकोसा होतो. ट्रकलाही नाक असतं, आणि तेही चोंदतं! मात्र सर्दीने नव्हे, झाडाच्या पाल्याने.

पुढे बॉनेट असलेला एखादा जुना ट्रक किंवा पिकअप नीट पाहा. बॉनेट संपतं आणि समोरची काच सुरू होते, तिथे वायपरजवळ बऱ्याच गाड्यांना एक लांबट जाळी असते. गाडी धावू लागली की वारा काचेवर आपटतो, तिथे हवेचा दाब वाढतो आणि ताजी हवा या जाळीतून आत शिरते. १ ऑक्टोबर २०२५ पासून आपल्या देशात तयार होणाऱ्या मध्यम व जड मालट्रकांच्या केबिनला एसी सक्तीचा झाला. पण जुन्या ट्रकच्या ड्रायव्हरकाकांना खिडकीची नि या जाळीची हवा हाच आधार!

आता तुम्ही विचाराल, जाळीतून पावसाचं पाणी नाही का शिरत? शिरतं ना! म्हणूनच जाळीखाली पन्हळीसारखी जागा असते. हवा केबिनकडे जाते आणि पाणी कडेच्या छोट्या भोकांतून खाली गळून जातं. आहे की नाही गंमत?

पण ट्रक उभा कुठे करतात? झाडाच्या सावलीत. पिंपळाचं मोठं पान जाळीवर अडकतं, ते चटकन उचलता येतं. चिंचेची आणि गुलमोहराची इवलीशी पानं मात्र जाळीतून अलगद आत घसरतात. त्यात धूळ मिसळते, पाऊस पडतो, त्याचा चिखल होतो आणि भोकं बुजतात. मग पाणी साचतं नि केबिनमध्ये झिरपतं. पायाखालचा पत्रा गंजतो, कुबट वास येतो. सगळ्यात वाईट म्हणजे ओलसर हवेमुळे काचेवर आतून वाफ धरते. भर पावसात, रात्रीच्या वेळी समोरचा रस्ताच धूसर झाला तर?

ट्रकची दुसरी जाळी अगदी पुढे, रेडिएटरसमोर असते. तिच्यातून येणारी हवा इंजिनाचं गरम पाणी थंड करते. तिथे पाला अन् किडे साचले, की भरलेला ट्रक कसाऱ्याच्या घाटात हळूहळू चढताना इंजिन तापतं. आधीच चाल मंद, त्यात वाराही अडलेला!

यावर उपाय साधा आहे. पावसाळ्यापूर्वी आणि पानगळीत दर आठवड्याला जाळी साफ करायची. पाला हाताने किंवा चिमट्याने *बाहेर* काढायचा, काडीने आत ढकलायचा नाही. भोकं मोकळी करायची आणि मग हळूच तांब्याभर पाणी ओतायचं. ते दोन्ही कडांनी खाली गळलं, की काम फत्ते! रेडिएटरवर मात्र पाण्याचा जोरदार फवारा नको, त्याच्या पातळ पत्र्या वाकतात.

आणि हो, हे काम मोठ्या माणसांसोबतच करायचं. इंजिन बंद आणि थंड हवं, किल्ली काढलेली हवी. पंख्याजवळ हात न्यायचा नाही. गरम रेडिएटरचं झाकण तर मुळीच उघडायचं नाही, उकळतं पाणी अंगावर उडतं.

करून पाहा : आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्याच्या तळाला आईबाबांकडून पेन्सिलीएवढं भोक पाडून घ्या. त्यात एक पेला पाणी ओता आणि ते गळायला किती सेकंद लागतात ते मोजा. आता डब्यात मूठभर चुरलेला वाळका पाला टाका नि पुन्हा मोजा. दोन्ही आकडे वहीत लिहा.

पालकांनो, घरी गाडी असेल तर या रविवारी मुलांना ही जाळी जरूर दाखवा. पाच मिनिटांचं काम, पण पावसात रस्ता स्वच्छ दिसेल.