जिनिव्हाचा बेत

प्रवासवर्णने बहुधा मंडळी जाऊन आल्यावर लिहितात. आम्ही अजून बाभुळगावाबाहेर पाऊलसुद्धा टाकलेले नाही. तरी गेले सहा महिने आमच्या घरात जिनिव्हाखेरीज दुसरा विषय नाही, आणि या सहा महिन्यांत जे वाचले, विचारले नि वहीत टिपून ठेवले, ते आमच्यासारख्याच एखाद्या कुटुंबाच्या उपयोगी पडेल, म्हणून हा लेख.

‘हे’ दोन वर्षांपूर्वी शाळेतून निवृत्त झाले. भूगोल शिकवण्यात सारा जन्म गेला; फळ्यावर ऱ्होन नदी काढायची, तिच्या वाटेवर चंद्रकोरीसारखे एक सरोवर काढायचे आणि कोरीच्या पश्चिम टोकाला ठिपका देऊन ‘जिनिव्हा’ लिहायचे. आयुष्यात एकदा तो ठिपका डोळ्यांनी पाहावा, एवढीच त्यांची इच्छा. मुलगा पुण्याला असतो. तो म्हणाला, “बाबा, तुम्ही नि आई जाऊन या. व्हिसाचं, तिकिटांचं मी पाहतो.”

सासूबाईंना मात्र हे पटेना. त्यांनी चौऱ्याऐंशी वर्षांत नागपूर नि पंढरपूर यांपलीकडचे जग पाहिलेले नाही. त्या म्हणाल्या, “तळंच पाहाचं हाये त आपलं बेंबळ्याचं काय वाईट हाये? खडकसावंग्याले जा, दिवसभर पाहा, सांजीले घरी या.”

आम्ही हसलो खरे, पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. आमची चार एकर कपाशी आहे. ज्या जिल्ह्याचे नाव शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे देशभर झाले, त्या जिल्ह्यात राहून साडेपाच लाख रुपये दहा दिवसांच्या प्रवासावर खर्च करायचे म्हणजे मनाला विचारावेच लागते. आमच्या गल्लीतच असे घर आहे, की जिथे एवढ्या रकमेत दोन मुलींची शिक्षणे होतील. तेव्हा “तिथे असे काय आहे?” या प्रश्नाला नीट उत्तर सापडल्याशिवाय तिकिटे काढायची नाहीत, असे मी यांना स्पष्ट सांगितले.

सरोवर आणि शहर

आधी सर्वांना ठाऊक असलेले सांगते. हे सरोवर सुमारे ५८० चौरस किलोमीटरचे, जास्तीत जास्त ३१० मीटर खोल. तिकडचे लोक त्याला ‘लेमाँ’ म्हणतात. उत्तरेचा काठ स्वित्झर्लंडचा, दक्षिणेचा बहुतेक फ्रान्सचा. ऱ्होन नदी पूर्वेकडून आत शिरते आणि जिनिव्हा शहरातून बाहेर पडते. बाहेर पडल्यावर थोड्याच अंतरावर तिला आर्व्ह नदी मिळते. ऱ्होनचे पाणी निळेशार, तर माँ ब्लाँच्या हिमनद्यांकडून येणाऱ्या आर्व्हचे गढूळ, राखी; आणि बराच वेळ दोन्ही रंग शेजारीशेजारी वाहतात. तिथल्या पुलावरून हा संगम दिसतो, आणि त्याला तिकीट नाही.

सरोवरातले १४० मीटर उंच उडणारे कारंजे तर चित्रांतून सर्वांच्या ओळखीचे आहे. त्याची कथा गमतीची आहे. १८८६ साली नदीच्या पाण्याच्या दाबावर कारखान्यांची यंत्रे चालवण्याची सोय झाली. संध्याकाळी कारागीर यंत्रे बंद करीत, तेव्हा नळांतला दाब एकदम वाढे. तो सोडून देण्यासाठी पाणी वर उडवीत. लोकांना ते इतके आवडले, की १८९१ साली ते मुद्दाम सरोवरात आणून बसवले. घड्याळांचेही तसेच. सोळाव्या शतकात कॅल्व्हिन या धर्मसुधारकाच्या कडक राजवटीत दागदागिन्यांवर बंदी आली. सोनारांनी हात घड्याळांकडे वळवला आणि १६०१ साली तिथे घड्याळजींचा संघही झाला. फुलांचे मोठे घड्याळ १९५५ पासून सरोवराकाठच्या बागेत आहे.

पण ही सारी शोभा झाली. सासूबाईंच्या प्रश्नाचे उत्तर मला एका घरात सापडले.

काठावरचे घर

सरोवराच्या अगदी काठाशी, एका जुन्या बागेत, १९२६ साली आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेसाठी एक इमारत उभी राहिली. पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ साली ही संघटना स्थापन झाली. सरकार, मालक आणि कामगार असे तिघांचेही प्रतिनिधी एकत्र बसवणारी ही सभा. तिच्या वॉशिंग्टनच्या पहिल्याच परिषदेला हिंदुस्थानच्या कामगारांतर्फे गेले ते आपले नारायण मल्हार जोशी. कुलाबा जिल्ह्यातल्या गोरेगावचे, भारत सेवक समाजाचे, मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढणारे. कामगारांचा प्रतिनिधी कामगारांच्याच संस्थेने निवडावा, तर तशी देशव्यापी संस्था हवी. १९२० साली मुंबईत आयटक स्थापन झाली, तिच्या मागे हेही एक कारण होते. पुढे ना. म. जोशी जिनिव्हाला अनेकदा गेले आणि त्या संघटनेच्या कार्यकारी मंडळावरही बसले.

याचा आपल्याशी काय संबंध? पाहा. १९११ च्या कायद्याने गिरणीत पुरुषाला दिवसाचे बारा तास काम होते. वॉशिंग्टनच्या ठरावात हिंदुस्थानसाठी आठवड्याचे साठ तास ठरले आणि १९२२ च्या दुरुस्तीने ते आपल्या कायद्यात आले. त्या गिरण्यांत सूत होई ते वऱ्हाडच्या कापसाचेसुद्धा. म्हणजे आमच्या शेतातला कापूस मुंबईला ज्याच्या हाती जाई, त्याच्या विश्रांतीचा हिशेब परदेशी भरणाऱ्या या परिषदांतून ठरू लागला होता.

स्वित्झर्लंडशी वऱ्हाडचा संबंध त्याहूनही जुना आहे. १८५१ साली फोलकार्ट नावाच्या दोघा स्विस भावांनी विंटरथूर आणि मुंबई येथे एकाच वेळी पेढी काढली. कापसाच्या व्यापारात ती मोठी झाली, खामगावापर्यंत येऊन पोहोचली. १९५४ साली याच पेढीने टाटांबरोबर जी कंपनी काढली, ती ‘व्होल्टास’. घरातल्या थंड हवेच्या यंत्रावरचे ते नाव आपण रोज वाचतो. त्याचे पहिले अर्धे ‘फोलकार्ट’चे आहे, हे मला आता कळले!

मजूर संघटना १९७० च्या दशकात नव्या इमारतीत गेली. काठावरच्या जुन्या घरात आज कोण आहे? जागतिक व्यापार संघटना! १ जानेवारी १९९५ ला ती सुरू झाली आणि तिचे बिऱ्हाड तिथेच आहे. २००३ साली बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली या आफ्रिकेतल्या चार गरीब देशांनी तिथे तक्रार मांडली, की श्रीमंत देश आपल्या कापूसवाल्यांना अनुदाने देतात, त्यामुळे जगाचा भाव पडतो आणि आमचा शेतकरी मरतो. ब्राझीलनेही अमेरिकेवर खटला भरला. ब्राझीलच्या बाजूने निकाल लागला, पण प्रकरण मिटायला २०१४ साल उजाडले. २०१९ साली ७ ऑक्टोबरला पहिला जागतिक कापूस दिन साजरा झाला, तोही तिथेच.

हे सारे मी सासूबाईंना एका संध्याकाळी वाती वळताना सांगितले. त्यांनी ऐकून घेतले. मग म्हणाल्या, “मंग कापसाचं बोलनं तेथी होते? अन् कापूसवालं कोनी जात नाही?”

मी म्हटले, “जातात, आई. पण मोठी मंडळी जातात.”

“मंग तुमी पाहून या,” एवढेच बोलून त्या वातींकडे वळल्या.

त्या घराशेजारी ‘पेर्ल द्यु लाक’, म्हणजे ‘सरोवराचा मोती’ नावाची सार्वजनिक बाग आहे. आत प्रवेश मिळो न मिळो, बागेतल्या बाकावर बसून ते घर पाहायचे, हे आमच्या वहीतले पहिले कलम आहे.

आणखी एक आठवण

पं. श्यामजी कृष्णवर्मा मूळचे कच्छमधल्या मांडवीचे. टिळकांच्या शिफारशीने सावरकर १९०६ साली लंडनला गेले ते त्यांनी चालवलेल्या शिष्यवृत्तीवर. १९१४ मध्ये श्यामजी पॅरिसहून जिनिव्हाला आले आणि १९३० साली तिथेच वारले. देश स्वतंत्र झाल्यावर आपल्या अस्थी मायदेशी न्याव्या, ही त्यांची इच्छा. त्या अस्थी २००३ साली मांडवीला परत आल्या. त्र्याहत्तर वर्षे ज्या सेंट जॉर्ज दफनभूमीत त्या जपून ठेवल्या होत्या, तिथे दोन फुले वाहायची आहेत.

व्यवहाराचे

आता वाचकभगिनींसाठी कामाची टिपणे.

आमच्यासाठी दिवस मेच्या मध्यापासून पुढचे बरे. शेत रिकामे असते, यवतमाळ भाजून निघत असते, आणि जिनिव्हात नऊ वाजेपर्यंत उजेड असतो. पेरणीच्या आधी परत येता येते, हे सगळ्यांत महत्त्वाचे.

स्वित्झर्लंडला शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. अगदी उशीर म्हणजे पंधरा दिवस आधी, पण तितके थांबू नये. शुल्क माणशी ९० युरो. किमान ३०,००० युरोंचा आजारपणाचा विमा लागतो. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर तीन महिने तरी चालू हवा. बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावे लागते; आम्ही त्यासाठी मुंबई धरली आहे. धामणगावला गाडीत बसले की झाले.

मुंबईहून झुरिचला थेट विमान आहे. तिथून जिनिव्हा आगगाडीने सुमारे पावणेतीन तास. तिथे युरो नव्हे, फ्रँक चालतो, आणि एका फ्रँकला शंभराहून अधिक रुपये पडतात. चहाच्या कपाची किंमत रुपयांत काढू नये. घशाखाली उतरणार नाही. मात्र जिनिव्हात हॉटेलात उतरणाऱ्यांना ट्राम, बस आणि सरोवर ओलांडणाऱ्या छोट्या पिवळ्या होड्या यांचा पास फुकट मिळतो. रस्तोरस्ती पिण्याच्या पाण्याचे नळ आहेत, तेव्हा बाटल्या विकत घेऊ नयेत. रविवारी दुकाने बंद; शनिवारीच भाजी-पाव आणून ठेवावा.

खाण्याचे म्हणाल, तर दूध, तूप, खवा यांचे पदार्थ आपल्याकडून तिकडे नेता येत नाहीत. म्हणून आमच्या डब्यातून बेसनाचे लाडू बाद झाले. जवसाची चटणी, मेतकूट, सातूचे पीठ, ज्वारीचे पापड आणि तेलातला चिवडा यांवर भिस्त आहे. स्वयंपाकघर असलेली खोली घेतली, तर खर्च बराच उतरेल.

पाहण्याचे क्रम असे धरले आहेत: राष्ट्रसंघाचा प्रासाद (मूळ पासपोर्ट जवळ ठेवावा) आणि त्यासमोरची सुरुंगांनी पाय गमावलेल्यांच्या आठवणीची तीन पायांची प्रचंड खुर्ची, १८६३ साली जन्मलेल्या रेड क्रॉसचे संग्रहालय, ‘सर्न’ ही अणुसंशोधनाची संस्था, जिथे १९८९ साली वर्ल्ड वाइड वेबची कल्पना निघाली आणि जिथे २००४ साली भारताने भेट दिलेला नटराज उभा आहे. एक दिवस विसाव्या शतकाच्या आरंभीच्या चाकांच्या आगबोटीसाठी. लोझानला ऑलिंपिकचे संग्रहालय आहे; तिथे आम्ही खाशाबा जाधवांची १९५२ ची कुस्ती आठवू. पुढे व्हव्हेला चार्ली चॅप्लिनचा पुतळा आणि मोंत्रोजवळ शियाँचा किल्ला.

आमचे तीन नियम

साडेपाच लाखांचा प्रश्न मात्र अजून राहिला होता. त्यावर आम्ही दोघांनी बसून तीन गोष्टी ठरवल्या. पहिली: प्रवासासाठी एक रुपयाही कर्ज काढायचे नाही, मुलाकडूनही घ्यायचा नाही. दुसरी: पुढच्या पेरणीचे बियाणे, खत आणि मजुरी यांचे पैसे आधी बँकेत बाजूला ठेवायचे, कापसाचा भाव पडला, तर प्रवास एक वर्ष पुढे ढकलायचा, पेरणी नाही. तिसरी: सासूबाईंपाशी नणंदबाई येऊन राहतील तेव्हाच निघायचे.

गल्लीतल्या त्या घरच्या थोरलीला ‘हे’ रोज संध्याकाळी भूगोल नि इंग्रजी शिकवू लागले आहेत. त्याने साडेपाच लाखांची भरपाई होत नाही, हे आम्हां दोघांनाही कळते. पण नकाशावरचा तो ठिपका तिलाही दाखवला आहे, आणि परत आल्यावर तिच्या वर्गात काय सांगायचे याचीही यांनी वेगळी वही केली आहे.

पासपोर्ट आले आहेत. यंदाची पहिली वेचणी घरात आली आहे. भाव कसा निघतो, ते पाहून तिकिटे काढू. तोवर सासूबाईंनी एक निरोप देऊन ठेवला आहे: त्या घरासमोर बसाल तेव्हा आपल्या वावरातली एक बोंडी पिशवीत असू द्या. कापूस सोबत नेता येतो की नाही, ते ‘हे’ आता विचारून घेणार आहेत.