न सांगितलेली काळजी: लहान पर्यटन व्यवसाय आणि शाश्वतता

सुट्ट्या लागल्या की मुंबईकरांची पावले किनाऱ्याकडे वळतात. अर्नाळा, राजोडी, कळंबपासून थेट सिंधुदुर्गापर्यंत अनेक कुटुंबांनी घरातील एक-दोन खोल्या किंवा वाडीचा एखादा कोपरा पाहुण्यांसाठी राखून ठेवला आहे. अशा घरगुती व्यावसायिकांपुढे ‘शाश्वत पर्यटन’ हा विषय काढला की, “ते मोठ्या हॉटेलांचे काम,” असे उत्तर बहुधा मिळते. आमच्या मते हा गैरसमज आहे. ज्या विहिरीवर, किनाऱ्यावर आणि झाडीवर आपला धंदा उभा आहे ती उद्याही टिकावी आणि मिळकतीचा मोठा वाटा गावातच राहावा, एवढाच शाश्वततेचा साधा अर्थ आहे. अनेक लहान व्यावसायिक हे आधीपासून करीत असतात. मात्र ते पाहुण्यांना सांगत नाहीत.

सांगण्याच्या बाबतीत दोन टोके आढळतात. पहिले टोक म्हणजे केल्यापेक्षा अधिक सांगणे. यालाच ‘ग्रीनवॉशिंग’ म्हणतात. १९८६ साली जे वेस्टरवेल्ड या अमेरिकन पर्यावरणवाद्याने हॉटेलांतील टॉवेलांच्या निमित्ताने हा शब्द रूढ केला. ‘निसर्ग वाचविण्यासाठी टॉवेल पुन्हा वापरा’ अशी विनंती खोलीत लावायची, त्यातून धुलाईचा खर्च वाचवायचा आणि बाकीचा उधळा कारभार तसाच चालू ठेवायचा, ही ती धूळफेक.

दुसरे टोक म्हणजे केलेलेही न सांगणे. त्याला ‘ग्रीनहशिंग’ असे नाव मिळाले आहे. इंग्लंडमधील पीक डिस्ट्रिक्ट राष्ट्रीय उद्यानातील ३१ लहान ग्रामीण पर्यटन व्यवसायांचा झेवियर फाँट व त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यास केला. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात असे दिसले की, हे व्यावसायिक प्रत्यक्ष करीत असलेल्या कामांपैकी केवळ ३० टक्के कामांची माहिती लोकांना देत होते. हवामानबदलाचा उल्लेख तर एकाच संकेतस्थळावर होता. पाहुणा विश्रांतीसाठी येतो, त्याला अपराधी वाटू नये, ही एक भावना त्यामागे होती. थोडे सांगितले तर उरलेल्या उणिवांवर बोट ठेवून कोणी ढोंगी म्हणेल, ही दुसरी भीती.

या मौनाची किंमत मोठी आहे. पावसाचे पाणी साठविणारा यजमान आणि रोज टँकर मागविणारा यजमान पाहुण्याला सारखेच दिसतात. मग निवड केवळ भाड्यावरून होते. शिवाय ज्याला पाण्याची टंचाई ठाऊक नाही, तो पाहुणा नळ मोकळा सोडतो.

कोकणातील वेळास या गावाचे उदाहरण येथे बोलके आहे. मंडणगड तालुक्यातील या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीची कासवे अंडी घालतात. पूर्वी ही अंडी चोरीला जात. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र संस्थेने ग्रामस्थांच्या साथीने घरट्यांचे रक्षण सुरू केले आणि २००६ पासून कासव महोत्सव भरू लागला. पाहुणे गावकऱ्यांच्या घरी राहतात व घरचेच जेवण घेतात. पिल्ले उजेडाच्या दिशेने धावतात, म्हणून कृत्रिम दिव्यांनी ती समुद्राची वाट चुकू शकतात, हे एकदा कळले की विजेरी बंद ठेवण्याचा नियम कोणालाही जाचत नाही. पिल्ले अमुक दिवशी दिसतीलच अशी हमीही देता येत नाही. ही अनिश्चितता आधीच सांगितली तर पाहुणा फसवणूक झाल्याचे मानीत नाही.

वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या महिला वल्ह्याच्या होडीतून कांदळवन दाखवितात. इंजिनाचा आवाज नसल्याने पक्षी बिथरत नाहीत आणि पाहुण्यांना ते जवळून पाहता येतात. येथे निसर्गाची काळजी हेच पाहुण्याचे सुख ठरते.

यातून आपल्या भागातील यजमानांनी काय घ्यावे? ‘पर्यावरणस्नेही’ असे मोघम विशेषण लावण्याऐवजी नेमकी गोष्ट सांगावी. ‘पिण्याचे पाणी आमच्या विहिरीचे, गाळून उकळलेले आहे, म्हणून आम्ही प्लास्टिकच्या बाटल्या ठेवत नाही,’ हे वाक्य पुरेसे आहे. ‘मासळी गावच्या होड्यांची आहे, आज मिळाली तेवढीच वाढू,’ असे सांगण्यात कमीपणा नाही. आणि जे जमले नाही तेही सांगावे: ‘मे महिन्यात आम्हांलाही टँकर घ्यावा लागतो, कृपया पाणी जपून वापरा.’ स्वतःची उणीव आधीच कबूल करणाऱ्याला ढोंगी म्हणणे कठीण असते.

आपल्यापैकी बरेच जण कधी ना कधी पाहुणेही असतात. खोली ठरविताना भाड्याबरोबर आणखी दोन प्रश्न अवश्य विचारावेत: पाणी कोठून येते आणि कचरा कोठे जातो? गाजावाजा न करता काळजी घेणाऱ्या यजमानाला बोलते करण्यास एवढी विचारपूस पुरेशी आहे.